अवरेकाईचे दिवस आणि जड स्टेरिंग

आज सकाळी कोपऱ्यावर पोती उतरली. मी दूध आणायला निघालो होतो. धुकं एवढं होतं की समोरच्या पीजीची, म्हणजे नोकरीवाल्या पोरांच्या भाड्याच्या वसतिगृहाची, पाटी दिसत नव्हती, त्यामुळं वास आधी आला आणि ढीग नंतर दिसला. अवरेकाई आली. थंडी पडली, रात्रीचं दव साचायला लागलं की आनेकल, होसकोटेकडच्या रानांतून ह्या शेंगा येतात आणि मग संक्रांत सरेपर्यंत बेंगळुरात कुणाच्या घरी दुसरं काही शिजत नाही. शेंगेच्या सालीला एक तेलकट, हिरवा वास असतो. इथं त्याला सोगडु म्हणतात. मराठीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. एक शेंग मोडून मी नाकाला लावली तर विकणारी बाई म्हणाली, "अज्जा, नुसता वास घेऊन सारू होत नाही."

मी घेतली. पिशवीभर घेतली.

आमची सून अश्विनी पुण्याची. लग्न होऊन आली त्या पहिल्या हिवाळ्यात ढीग बघून म्हणाली, "अप्पा, हे तर पावटे! एवढं काय त्यात?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पावटे म्हण, वाल म्हण, तुझ्या गावात काय म्हणायचं ते म्हण. इथं ती अवरेकाई आहे.

तर हा वास. दुसऱ्यांना ह्या वासानं सारू, म्हणजे पातळ आमटी आठवते, तांदळाची अक्की रोट्टी आठवते. मला एक आवाज आठवतो. थंडीत आखडलेला बैल दावणीतून उठताना कण्हतो तसा. कुंईंई. स्टेरिंग डावीकडं वळवलं की कमी, उजवीकडं वळवलं की जास्त. आमच्या घरच्या व्हॅनचा पावर स्टेरिंगचा पंप त्या साली असा कण्हत होता, आणि तो सगळा मोसम मी त्या आवाजाशी भांडत काढला.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी चौथी शिकलो, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. आमचे पूर्वज ह्या मुलखात कधी आले ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, इतकं ते जुनं. म्हणून माझ्या लिहिण्यात कुठं कन्नड शिरलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. घेतलं नाही तरी माझं काही अडत नाही.

एका कारखान्याची कामगारांची बस मी जन्मभर चालवली. त्या बसला पंपबिंप काही नव्हतं. परातीएवढं स्टेरिंग, आणि ते वळवायला अंगातलंच तेल लागायचं. माझ्या दंडांकडं बघून शिफ्टची पोरं म्हणायची, अण्णा, तुम्ही जिममध्ये जाता काय. रिटायर झाल्यावर मी जुनी आठ जणांची व्हॅन घेतली. तिचं स्टेरिंग एका बोटानं फिरायचं. पहिल्या दिवशी मला ते आवडलं नाही. गाडी आपलं ऐकते आहे की आपली थट्टा करते आहे ते कळेना.

मग गिरिजाला, माझ्या बायकोला, लकवा झाला. डावं अंग गेलं. तोंड मात्र शाबूत राहिलं, आणि ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे की देवानं काय राखलं.

इस्पितळातून घरी आल्यावर तिला व्यायामासाठी आठवड्यातून बुधवारी आणि शनिवारी न्यायचं होतं. एकदा मंजूनं, आमच्या मुलानं, टॅक्सी बोलावली. छोटी गाडी. दार अरुंद, सीट खाली. मी एका बाजूनं, मंजू दुसऱ्या बाजूनं, ड्रायव्हर घड्याळाकडं बघतोय, मागं दुचाक्यांचे हॉर्न, आणि पीजीची पोरं चहाचे कप हातात धरून बघतायत. तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. पदर घसरला. ती काही बोलली नाही. गिरिजा बोलली नाही, म्हणजे काय ते मला कळलं. घरी आल्यावर म्हणाली, "मला आता कुठं नेऊ नका. पिशवी भरतात तशी मला भरू नका."

व्हॅनचं तसं नव्हतं. तिचं दार सरकतं, चांगलं रुंद उघडतं. सीट बरोबर चाकाच्या खुर्चीच्या उंचीची. खुर्ची लावली, दार सरकवलं, की गिरिजा एका हातानं वरचा पट्टा धरून स्वतःची स्वतः आत सरकायची. कुणाला अंगाला हात लावायला लागायचा नाही. आत बसली की पदर नीट करायची आणि म्हणायची, "सरी, चला." एखाद्या जहागीरदारणीसारखी. त्यामुळं ही व्हॅन नसती तर गिरिजाचं जग म्हणजे पुढची खोली आणि मागची खोली. एवढं सोपं होतं ते.

आणि नेमका तेव्हाच पंप कण्हायला लागला.

गॅरेजवाला मुरुगेश आमचा जुना ओळखीचा. त्यानं बॉनेट उघडलं, तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आत लाल तेल असतं. त्याच्यावर फेस आला होता, दूध उतू जाण्याआधी येतो तसा. मुरुगेश म्हणाला, "अण्णा, पाइपला चीर आहे. पंप तेलाबरोबर हवा पितोय. हवा पिऊन पिऊन आतून खरडला गेलाय."

"मग पाइप बदल."

"पाइप बदलतो. पण पंप म्हातारा झाला. नवा मिळत नाही, ही गाडी बनवायचीच बंद झाली. जुना उघडून सील घालतो, चाललं तर चाललं. स्वल्प अड्जस्ट माडि."

म्हणजे थोडं चालवून घ्या. बेंगळुरात हे वाक्य देवाच्या नावासारखं आहे, सगळ्याला लागू पडतं. मी अड्जस्ट केलं. आठवडाभर पंप गप्प राहिला. मग थंडी वाढली आणि एका सकाळी परत, कुंईंई. समोरच्या पीजीतला एक पोरगा गॅलरीतून ओरडला, "अंकल, गाय घेतली का?"

मंजूनं त्या दिवशी ठरवून टाकलं. तो कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, घरातही मीटिंगसारखं बोलतो. "अप्पा, संक्रांतीनंतर ही गाडी काढायची. नवी छोटी गाडी घेऊ. स्टेरिंग मऊ, ऑटोमॅटिक. आईच्या व्यायामाला बाई घरीच येईल."

"आणि आई त्या गाडीत कशी बसेल?"

"शिकेल हळूहळू."

अश्विनी म्हणाली, "अप्पा, जरा प्रॅक्टिकल व्हा ना. तुमच्या वयात एवढं जड स्टेरिंग..."

"माझ्या वयाचं तुला काय करायचंय? गाडीच्या वयाचं बोल."

"गाडीच्या वयाचंच तर बोलतोय आम्ही," मंजू म्हणाला, आणि अश्विनी हसली, आणि मी उठून बाहेर गेलो. हट्टी माणसाला घरात भांडण करून झालं की जायला एक जागा लागते. मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो.

त्या दिवसांत गिरिजाला व्यायामाच्या बाईंनी एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. डाव्या हातानं दाबायचा. दाबा आजी, दाबा, असं त्या म्हणायच्या आणि गिरिजा चेंडूकडं असं बघायची जसं काही तो त्या बाईंचा मुलगा आहे आणि उगाच हिच्या मांडीवर बसवलाय. बोटं हलायची नाहीत. घरी आल्यावर तिनं चेंडू खुर्चीखाली टाकला. "मी काय क्रिकेट खेळू?"

मी कोपऱ्यावरून अवरेकाई आणली होती. दाणे सोलून रात्री पाण्यात घातले होते. भिजलेला दाणा अंगठ्यात आणि बोटात धरून चिमटला की साल हातात राहतं आणि आतली डाळ फट् करून बाहेर उडते. इथं तिला हितकिदबेळे म्हणतात. त्या डाळीचं सारू म्हणजे मोसमाचा राजा. आमच्याकडं हे काम बायका गोल करून बसून करायच्या, आणि गिरिजाच्या बोटांचा वेग बघायला शेजारणी यायच्या. त्या दिवशी पातेलं तिच्या समोर ठेवलं. ती उजव्या हातानं डाळ काढू लागली, डावा नुसता पातेल्यात ठेवलेला. अश्विनीही बसली. म्हणाली, "आई, आमच्याकडं डाळिंब्या सोलतात, अगदी अश्शाच." मग कुणाच्या आईची डाळिंबी चांगली, कुणाचं सारू चांगलं, ह्याच्यावर दोघींची जुंपली. गिरिजा बोलता बोलता हातवारे करायची सवय असलेली बाई. उजवा हात हवेत गेला आणि पातेल्यात डावा राहिला. आणि फट्. एक डाळ उडून अश्विनीच्या कपाळाला लागली.

गिरिजा आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पुण्याच्या कपाळाला लागली, बरोबर लागली."

तेव्हापासून चेंडू गेला तो गेला. पातेलं आलं. बोटांना सालीचं तेल चिकटतं, काळं पडतं, लवकर जात नाही. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, आजी, हात का काळे? गिरिजा म्हणाली, "होमवर्क."

आणि एक दिवस दाणे चिमटता चिमटता ती म्हणाली, "माझा तास उभा असेल."

हे समजावून सांगायला हवं. गिरिजाचं माहेर आनेकलजवळ. तिचा धाकटा भाऊ नागोजी तिथं शेती करतो. त्यांच्या घरात रीत अशी की अवऱ्याच्या रानातला पहिला तास, म्हणजे बांधालगतची पहिली ओळ, माहेरवाशिणीची. तिनं येऊन स्वतःच्या हातानं तोडायची. ती आल्याशिवाय त्या ओळीला कुणी हात लावत नाही. बाकीचं रान बाजारात जाऊन येतं, ती ओळ तशीच उभी. वाळली तर वाळली. नागोजीचा फोन आला होता, पण त्यानं ये म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "अक्का, यंदा दव चांगलं पडलंय."

मी मंजूला सांगितलं, आनेकलला जायचं. तो म्हणाला, ह्या गाडीनं? मी म्हटलं, ह्याच गाडीनं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "सरी अप्पा. पण ही शेवटची खेप. परत आलो की गाडी काढायची."

गिरिजा म्हणाली, "आधी ने तर."

रविवारी निघालो. मी चालवायला, मंजू शेजारी, मागं गिरिजा आणि अश्विनी. पंप सगळ्या वाटेनं कण्हत होता. मी प्रत्येक वळणाआधी मनात त्याला शिव्या द्यायचो, वळण झालं की शाबासकी द्यायचो. माणसाशी असंच वागावं लागतं, मशीन काय वेगळं आहे?

शिवारात पोचलो तेव्हा बॉनेटखालून लाल तेल ठिबकत होतं. पाइप पुन्हा चिरला होता. डबी रिकामी. मंजू कपाळाला हात लावून उभा राहिला. नागोजीनं मात्र सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पाइपावर आवळून बांधली, आणि गोठ्यातून हरळेण्णे आणलं. एरंडेल. त्याच्या वडिलांच्या बैलगाडीच्या आसाला ते घालायचे, पोरांच्या पोटाला घालायचे, डोक्याला घालायचे. आता गाडीच्या डबीत घातलं. मंजू म्हणाला, "मामा, हे चालत नाही!" नागोजी म्हणाला, "आम्ही ह्याच्यावरच चाललो आहोत."

नंतर मुरुगेशनं पंप उघडला तेव्हा वास घेऊन आधी तो मागं सरला, मग पोट धरून हसला. "अण्णा, गाडीला जुलाब दिलात?" आजही मला गॅरेजमध्ये बघितलं की विचारतो, पोट कसं आहे गाडीचं. हसू दे. पण मी अजून म्हणतो, त्या तेलानं आम्हाला रानातून बाहेर काढलं. दुसरं काय होतं तिथं?

गिरिजाची खुर्ची आम्ही बांधापर्यंत नेली. पुढं चाकं मातीत रुतली. नागोजी म्हणाला, अक्का, इथूनच हात लाव, मी तोडतो. ती म्हणाली, "माझा तास तू का तोडतोस?" मग अश्विनी आणि नागोजीची बायको दोन्हीकडून उभ्या राहिल्या, खुर्ची मागून मंजूनं धरली, आणि गिरिजा उजव्या हातानं वेल धरून डाव्या हातानं शेंग ओढायला लागली. शेंग तुटायची नाही. ओढायची, सुटायची. दवानं हात ओले. नागोजी दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. शेवटी एक तुटली. ती तिनं पदरात टाकली. मग दुसरी. ओळीच्या टोकापर्यंत आम्ही गेलो नाही, पण ऊन वर येईपर्यंत तिथं होतो.

येताना चंदापुऱ्याच्या अलीकडं पंपाचा आवाज बंद झाला. एकदम. इतके दिवस ज्या आवाजाचा त्रास झाला, तो थांबला आणि मी त्याच्यासाठीच कान लावून बसलो. स्टेरिंग दगड झालं.

मला वाटलं होतं, त्यात काय, जन्मभर मी असंच चालवलं. पण बसचं स्टेरिंग परातीएवढं, त्याला दोन्ही हातांनी लोंबकळता यायचं. हे ताटलीएवढं. पंपाच्या भरवशावर बनवलेलं. तरी मी ओढत राहिलो. एक वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला खांद्यात काहीतरी तटकन् तुटल्यासारखं झालं आणि गाडी अर्धी वळून रस्त्यात आडवी थांबली. मागं बस. बसवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"काय झालं?" गिरिजानं मागून विचारलं.

"काही नाही."

मंजू म्हणाला, "अप्पा, उतरा. मी घेतो."

"तुला हे जमणार नाही."

"तुम्हालाही जमत नाही. खांदा धरून बसलाय."

"मी उतरणार नाही."

बसवाला आता खिडकीतून कन्नडात माझ्या वाडवडिलांची चौकशी करत होता. मी दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून बसलो होतो. खरं सांगायचं तर तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी उतरलो म्हणजे संपलं. ही शेवटची खेप आणि तीही दुसऱ्यानं पुरी केली. मग गाडी जाणार, आणि गिरिजा घरात.

तेव्हा गिरिजा बोलली. ओरडून नाही, जेवायला वाढताना बोलते तसं. "अहो. मला रोज उतरवतात. न्हाणीत नेतात, पलंगावर ठेवतात. मी नाही म्हणते का? तुम्ही एकदा उतरा."

मी उतरलो. बसवाल्याकडं बघून हात जोडले नाहीत, तेवढं मात्र सांभाळलं. पलीकडच्या बाजूनं जाऊन मंजूच्या जागी बसलो.

मंजूनं स्टेरिंग धरलं, दात आवळले, ओढलं. ढिम्म. चेहरा लाल झाला.

"उभ्या गाडीत ओढू नकोस," मी म्हटलं. "क्लच हळू सोड. गाडी सरकू दे. सरकायला लागली की मग वळव, थोडं थोडं."

त्यानं क्लच सोडला. गाडी हाताच्या पंजाएवढी सरकली, आणि स्टेरिंग हललं. मग वळलं. बस भुर्रकन् निघून गेली. पुढच्या वळणाला मंजूनं माझ्याकडं न बघता आधी गाडी सरकू दिली.

मी शेजारी बसून खांदा चोळत होतो आणि मला तो पिवळा चेंडू दिसत होता. दाबा आजी, दाबा. उभ्या गाडीचं स्टेरिंग ओढण्यासारखंच होतं ते. बोलण्याच्या ओघात, भांडणाच्या ओघात, हात आपोआप वळला. मी शिकलेला नाही, मला ह्याच्यापुढं सांगता येत नाही. पण मी चाळीसेक वर्षं लोकांना नेलं-आणलं आहे, आणि थांबलेलं काहीही वळवणं किती अवघड असतं ते माझ्या दंडांना माहीत आहे.

घर आलं. गल्लीत नेहमीप्रमाणं पीजीच्या दुचाक्या आमच्या फाटकासमोर आडव्या. अश्विनी उतरून त्या पोरांवर पुण्याच्या मराठीत कडाडली, आणि ती कर्नाटकाबाहेरची पोरं, त्यातलं अक्षरही न कळता, मुकाट्यानं गाड्या हलवायला लागली. मंजूनं गाडी सरकवत सरकवत आत घेतली. इंजिन बंद केलं आणि तळवे उघडून बघत बसला. लाल झाले होते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याचे तळवे.

अश्विनीनं दार सरकवलं, खुर्ची लावली. गिरिजा लगेच उतरली नाही. पदरातल्या शेंगा एका हातानं सावरत म्हणाली, "मंजू, बुधवारी इस्पितळ आहे. गाडी किती वाजता काढतोस?"

तिनं मला नाही विचारलं. त्याला विचारलं. मला ते लागलं, नाही कशाला म्हणू.

मंजूनं तळव्यांवर फुंकर मारली. "आधी पंप बघतो, आई. होसकोटेच्या इंडस्ट्रियल एरियात जुने पंप नवे करून देणारा कुणीतरी असेलच. नसेल तर शोधतो. बुधवारी तू म्हणशील तेव्हा."

"दहाला."

"दहाला."

मग ती एका हातानं वरचा पट्टा धरून, स्वतःची स्वतः, खुर्चीत सरकली. मंजूनं गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. मी मागितली नाही.